विमानातला ब्लॅकआउट

दिवे गेले आणि सगळ्यात आधी ओरडले ते माझ्या शेजारच्या सीटवरचे काका.

"कोणी काडी पेटवायची नाही! परदे ओढा! परदे!"

आम्ही हवेत होतो. जबलपूर मागे राहिलं होतं, नागपूर यायचं होतं, खाली नुसतं जंगल, बाहेर संध्याकाळ बुडून राहिली होती. आणि विमानातले दिवे, डोक्यावरचे, वाटेतले, सगळेच, आधी पिवळे पडले, मग विझत्या निखाऱ्यासारखे लाल झाले आणि मग नव्हतेच. बाहेर इंजिनांच्या पंख्यांचा घरघराट तेवढा तसाच चालू. माझ्या मांडीवर माझं पोरगं होतं आणि मला त्याचं तोंड दिसेना.

"काका, काय झालं हो?"

"ब्लॅकआउट," काका म्हणाले, जसा काही हुकूम त्यांनीच काढला. "बोलू नको. डोकं खाली घे."

मी डोकं खाली घेतलं. सगळ्यांनीच घेतलं. कारण अर्धं विमान आमच्या फौजी सामानाच्या फॅक्टरीचं होतं, नागपूरच्या फॅक्टरीत मिटिंगला चाललेलं, आणि पाकिस्तानशी लढाईच्या त्या दिवसांत जबलपुरात आम्हाला हेच तर शिकवून ठेवलं होतं. भोंगा वाजला की दिवे बंद, परदे बंद, विडी विझवा, जमिनीवर उपडं पडा, पोट जमिनीला टेकू देऊ नका, कोपरावर रहा, कानात बोटं घाला आणि दातात रुमाल धरा, म्हणजे बॉम्बच्या आवाजाने कान फुटत नाहीत आणि जीभ चावली जात नाही. कॉलनीच्या मैदानात दर आठवड्याला ड्रिल व्हायची. आम्ही बायका पदर खोचून उपड्या पडायचो आणि हसायचो, मग काका रागवायचे. काका आमच्या क्वार्टरांच्या लाइनीचे वॉर्डन होते, ब्लॅकआउट पाळायला लावणारे. तसे फॅक्टरीच्या पेंट शॉपचे फोरमन, पण लढाई लागल्यापासून त्यांना फोरमन म्हटलेलं आवडत नसे.

आता पट्ट्याने सीटला बांधलेला माणूस उपडा कसा पडेल, हे ड्रिलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून बहुतेक लोक अर्धेच वाकले. मागचे दोघं मात्र पट्टे सोडून सरळ वाटेत आडवे झाले, कोपरावर. ते ड्रिलमध्ये नेहमी पहिले यायचे. आणि सगळ्यांच्या कानात बोटं, सगळ्यांच्या दातात रुमाल. विमानात बसून बॉम्बपासून लपायला खाली वाकून काय होणार, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही आलं, खोटं काहून बोलू. हाताला सवय लागली की डोक्याला कोण विचारतं.

पण माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मी कानात बोटं नाही घातली. एवढाच काय तो माझ्यात आणि त्या साहेबलोकांत फरक.

माझ्या पोराच्या छातीत शेंगदाणा अडकला होता.

वर्षाचंही झालं नव्हतं ते. थंडीचे दिवस, सासूबाई अंगणात उन्हात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या, हे रांगत गेलं, एक दाणा तोंडात टाकला, ठसकलं, लाल झालं, काळं झालं, आणि मग श्वास आला तर शिटीसारखा आला. सूं... सूं... राइट टाउनच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे, जबलपूरची अर्धी लेकरं त्यांच्याच हातची. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "दाना साँस की नली में बैठा है. यहाँ जो निकालता था वो फौज के अस्पताल में बुला लिया गया है. नागपुर ले जाओ. आज ही."

"आज कसं जाणार जी?" मी हिंदीत विचारायचं सोडून मराठीतच विचारलं.

आणि खरंच कसं जाणार. मोठ्या लाइनीच्या गाड्या फौजेच्या सामानाने भरलेल्या, कधी सुटतील ते स्टेशनमास्तरलाही ठाऊक नाही. गोंदियाची छोटी लाइन आपली मजेत चालते, वाटेत उतरून चहा पिऊन पुन्हा पकडता येईल अशी. ह्यांची सुट्टी रद्द. फॅक्टरीत सगळ्यांचीच रद्द, मशीनला सुट्टी नाही तर माणसाला काहून, असं गेटवर लिहूनच लावलं होतं. हे मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. साहेबांनी मिटिंगला जाणाऱ्या एकाला थांबवलं आणि त्याची विमानातली जागा मला दिली. सुट्टी मात्र नाही दिली. "बीवी जा रही है ना, तुम क्या करोगे वहाँ?" असं म्हणाले म्हणे. चांगला माणूस.

डॉक्टरांनी निघताना एकच सांगितलं, तीनदा सांगितलं. "बेटा, होंठ देखते रहना. बस होंठ. गुलाबी हैं तो ठीक. नीले पड़े तो उसी वक्त उल्टा करके पीठ पे थपकी देना, जोर से, डरना मत. देर की तो गया समझो."

म्हणून मी जबलपूरच्या डुमना विमानतळावर पाहत होती, विमानाला उशीर होऊन राहिला तेव्हा पाहत होती, विमान वर चढलं तेव्हाही खिडकीबाहेर नाही पाहिलं. पहिल्यांदा विमानात बसली आणि मी काय पाहिलं? होंठ. गुलाबी होते.

आणि आता अंधार.

श्वासाची शिटी ऐकावी तर पंख्यांच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. नाकाखाली बोट धरलं तर दाराच्या फटीतून असा गार वारा येत होता की श्वास कोणता आणि वारा कोणता, काही कळेना. छातीवर हात ठेवला तर सगळं विमानच थडथड हलत होतं.

मग मला टॉर्च आठवला. ह्यांनी थैलीत टाकला होता, नवे सेल घालून. त्या दिवसांत सेल मिळणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी रांगा लावल्या त्यांनाच माहीत. मी दुपट्यांच्या खाली हात घालून काढला आणि पोराच्या तोंडाजवळ नेऊन बटण दाबलं.

टॉर्चच्या काचेवर काळा कागद चिकटवलेला. कॉलनीतल्या सगळ्या टॉर्चना काकांनीच घरोघरी फिरून चिकटवला होता, मधे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. त्या भोकातून दोऱ्यासारखा उजेड आला आणि पोराच्या ओठावर पडला. गुलाबी.

"विझव!" काकांनी दातातला रुमाल काढला. "काय करून राहिली तू? सगळ्यांना मारतेस काय?"

"काका, पोराचे ओठ पाहून राहिली आहे. डॉक्टरांनी..."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. दुश्मनाला एक मैलावरून विडी दिसते, ठाऊक आहे ना?"

"पण काका, दुश्मन वरून येतो. वर तर आपणच आहोत."

काकांनी खिडकीचा परदा अजून ओढून घेतला. मग म्हणाले, "बाजूने येईल."

आणि त्यांनी आपला मफलर काढून माझ्या टॉर्चवर टाकला. मी मफलरच्या आतच टॉर्च धरून पोराचं तोंड त्यात घेतलं, तंबूत घ्यावं तसं. तेवढ्यात समोरून एक पोरगी आली.

एअर होस्टेस. साडी नेसलेली, माझ्याच वयाची असेल, सीट चाचपत, ओरडत येत होती. तिच्या तोंडाजवळचं बोलायचं यंत्रही बंद पडलं होतं ना, म्हणून नुसत्या घशाने ओरडत होती. "किसी के पास टॉर्च है? प्लीज, टॉर्च चाहिए! माचिस नहीं, टॉर्च!"

कोणी उत्तर देईना. देतील कसे, सगळ्यांच्या कानात बोटं. ती एकेकाच्या खांद्याला हलवायची, तो माणूस अजून खाली वाकायचा. एकाने तर तिलाच हात धरून खाली बसवायला पाहिलं, "लेट जाइए मैडम, लेट जाइए." वाटेतल्या त्या दोघांपैकी एकाच्या पाठीवर तिचा पाय पडला. तो हूं की चूं नाही बोलला. ड्रिल म्हणजे ड्रिल.

मग तिला आमच्या मफलरमधून उजेड दिसला.

"बहनजी! टॉर्च है आपके पास? दीजिए. कैप्टन साहब को चाहिए."

"कौन आया है? पाकिस्तान का विमान है?" काकांनी विचारलं.

"कोई नहीं आया, अंकल! बिजली गई है! इंजन ठीक हैं, पंखे ठीक हैं, बस बिजली बनाने वाली मशीन गई. पहले एक गई, सारा बोझ दूसरी पे आया, तो वो भी गई. कैप्टन को अपने मीटर नहीं दिख रहे. हमारी टॉर्च के सेल बैठ गए हैं."

काकांनी कानातलं दुसरं बोटही काढलं. पुढच्या मागच्या लोकांनी त्यांना पाहून आपापली बोटं काढली. आणि मी जन्मात विसरणार नाही, तेच काका, त्याच तोंडाने, माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं मग दे ना! पकडून काय बसलीस? एवढी माणसं आहेत विमानात!"

"नाही देत," मी म्हटलं.

"काय?"

"नाही देत. माझ्या पोराचे ओठ कसे पाहू मग?"

आता मात्र सगळ्यांना ऐकू यायला लागलं होतं. मागून कोणी बोललं, "अरे दे दीजिए बहनजी, बच्चे को बाद में देख लेना." दुसरा म्हणाला, "बाई, अडाणीपणा करू नका." तिसरा म्हणाला, "खींच लो हाथ से." होस्टेस माझ्या पायाशी बसली, तिचा आवाज रडका झाला होता, "बहनजी, प्लेन गिरेगा तो बच्चा भी तो इसी में है."

बरोबर बोलली ती. मी सातवीची परीक्षा द्यायच्या आधीच सासरी आली, पण एवढं गणित मलाही येतं. विमान पडलं तर पोरगं जाईल. टॉर्च दिला तरी कदाचित पोरगं जाईल, आणि मी बाजूलाच बसून असेन आणि मला कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, "टॉर्च पाहिजे ना? मग मला घेऊन चला. मी धरते. कॅप्टनलाही दाखवते, पोराचे ओठही पाहते."

"अंदर पैसेंजर नहीं जा सकते."

"तो टॉर्च भी नहीं जाएगी."

माझ्या तोंडून हे कसं निघालं देव जाणे. घरी मी सासूबाईंना चहात साखर किती हे विचारताना अडखळते.

तिने मला दंडाला धरून नेलं. वाटेत त्या दोघांना ओलांडताना मी एकाला "भैया, माफ करना" म्हटलं. काकांनी मागून हाक दिली, "माझा मफलर!" मी मफलर खांद्यावर घेऊन आत गेली.

आत दोन माणसं. एक मोठे कॅप्टन, मिशा पांढऱ्या, शांत, जसं काही जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या चौकात पानाच्या दुकानात उभे आहेत. दुसरा तरुण, त्याच्या हातात एक टॉर्च, त्याचा उजेड काजव्यापेक्षाही कमी. आणि समोर घड्याळंच घड्याळं, भिंतभर, घड्याळवाल्याच्या दुकानातही एवढी नसतात. समोरच्या काचेतून बाहेर काही नाही. आकाश संपून गेलं होतं.

"ये कौन है?" कॅप्टन म्हणाले.

"सर, टॉर्च इनकी है. ये... ये साथ में आई हैं."

"बच्चा भी है?"

"जी सर."

"बढ़िया," कॅप्टन म्हणाले. "कुत्ता-बिल्ली कोई और है पीछे तो वो भी भेज दो."

मला दोघांच्या मधे, मागच्या बाजूला एका छोट्या पाटावजा सीटवर बसवलं. होस्टेस परत गेली, तिला आता त्या आडव्या लोकांना उठवून पट्टे बांधायचे होते. मी टॉर्च लावला. दोऱ्याएवढा उजेड एका घड्याळावर पडला.

"ये क्या है? इतनी सी?"

"ब्लॅकआउट का कागज है जी."

"फाड़ो."

आणि पहा, माझा हात थांबला. हवेत होती, अंधारात, विमान पडतं की राहतं माहीत नाही, आणि माझ्या मनात आलं ते काय, तर काका रागावतील. मागच्या महिन्यात कागद सुटला म्हणून सगळ्या लाइनीसमोर बोलले होते मला. त्या तरुण पोराने माझ्या हातातून टॉर्च घेऊन नखाने कागद ओरबाडला आणि परत दिला. मग असा फकफकीत उजेड पडला की तिघांचे डोळे दिपले.

कॅप्टन म्हणाले, "ये तीन. ये, ये, और ये. इससे चाल, इससे ऊँचाई, और इसमें जो छोटा जहाज बना है वो टेढ़ा नहीं होना चाहिए. इन तीन पे रोशनी रखो. हिलाना नहीं."

"और बच्चा?"

"बच्चे को क्या हुआ?"

मी सांगितलं. शेंगदाणा, शिटी, ओठ, निळे पडले तर उलटं करायचं. रडत सांगितलं, अर्धं मराठीत. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. पण ते म्हणाले, "अच्छा. जब मैं बोलूँ 'बच्चा', तब बच्चे पे. जब बोलूँ 'मीटर', तब मीटर पे. ठीक?"

"ठीक."

आणि आम्ही तसंच केलं. "मीटर." मी त्या तीन घड्याळांवर धरायची, काटे हलतात की नाही मला काय कळणार, पण डोळे फाडून पाहायची. "बच्चा." मी झटकन खाली वळवायची. गुलाबी. "मीटर." ते किती वेळाने बोलायचे ते मला सांगता येणार नाही, एकेक वेळ मला वर्षासारखी वाटायची. पण विसरले नाहीत. तो तरुण पोरगा रेडिओ चालू करायचा, दोन शब्द बोलायचा, लगेच बंद करायचा, जसं आपण शेवटचं रॉकेल जपून जाळतो तसं. सगळ्या खटक्यांवर तो एक हात फिरवत होता, हे बंद, ते बंद. मग एकदा त्याने रेडिओ लावला आणि त्यातून काहीच नाही आलं.

"गया," तो म्हणाला.

"उनको पता है हम आ रहे हैं?"

"शायद. आधा सुना होगा."

"आधा बहुत है," कॅप्टन म्हणाले. "बच्चा."

गुलाबी. थोडे फिकट. पण गुलाबी.

मग कॅप्टन एकदम पुढे वाकले. "नागपुर कहाँ गया?"

नागपूर नव्हतं. एवढं मोठं शहर, माझं माहेर तिथे आहे, सीताबर्डीचे दिवे मी लहानपणापासून पाहिलेत, आणि खाली काळं कांबळं अंथरल्यासारखं. तिथेही ब्लॅकआउट! आमच्या काकांसारखेच काका तिथेही घरोघरी फिरून राहिले असतील. मला हसू आलं, खरंच आलं, आणि लगेच रडू आलं. वर आम्ही उजेडासाठी मरून राहिलो आणि खाली सगळं शहर हुकमाने डोळे मिटून बसलेलं.

"वो रहा," तरुण पोरगा म्हणाला. खाली लांब दोन ओळी दिसल्या, लुकलुकणाऱ्या. डबे पेटवून ठेवले होते विमानपट्टीच्या दोन्ही बाजूला, रॉकेलचे. म्हणजे अर्धं ऐकलं होतं त्यांनी.

मग सगळं भराभर झालं. चाकं खाली यायला बिजली पाहिजे होती की काय कोण जाणे, तो तरुण पोरगा वाकला आणि खालचा एक दांडा वर-खाली, वर-खाली मारायला लागला, आमच्याकडे बोअरिंगचा हापसा मारतात तसा. त्याचे दोन्ही हात त्यात. कॅप्टनचे दोन्ही हात समोरच्या स्टिअरिंगला. कॅप्टन मान न वळवता म्हणाले, "अब सुनो बेटी. अब बच्चा नहीं. अब सिर्फ मीटर. जब तक पहिए जमीन को न लगें. समझीं?"

"जी."

"चाल वाला दिखता रहना चाहिए. कम हुई तो हम गिरेंगे, ज्यादा हुई तो रुकेंगे नहीं."

"जी."

मी धरलं. दोन्ही हातांनी धरलं, पोरगं मांडीवर शालीत बांधलेलं. विमान खाली जाऊन राहिलं, माझ्या कानात दडे बसले. त्या दोन ओळी मोठ्या होऊन राहिल्या. आणि माझ्या मांडीवर पोराने पाय झाडले. एकदा, जोरात. मग पुन्हा. मग नाही झाडले.

मी वाट पाहिली. "बच्चा" म्हणतील म्हणून वाट पाहिली. नाही म्हणणार असं त्यांनी आताच तर सांगितलं होतं. माझ्या डाव्या हाताला त्याचं डोकं लागत होतं, ते डोकं बाजूला पडलं, जसं झोपेत पडतं तसं. झोपला असेल. कानात दडे बसले म्हणून पाय झाडले असतील आणि मग झोपला असेल. किती सोपं आहे असं म्हणणं. देर की तो गया समझो.

मी टॉर्च खाली वळवला.

ओठ जांभळे होते.

"मीटर!" कॅप्टन ओरडले.

पोराला उलटं करायला दोन हात लागतात. मी टॉर्च दातात धरला, पोराला मांडीवर पालथं टाकलं आणि पाठीवर मारलं. डॉक्टर म्हणाले होते डरना मत. मी मारलं, पुन्हा मारलं. उजेड माझ्या तोंडाबरोबर पोराच्या पाठीवर, माझ्या हातावर, खाली पत्र्यावर.

"मीटर! लड़की, मीटर!"

एकदा वळवला असता तर? एक नजर. मान वर केली असती तर उजेड आपोआप घड्याळांवर गेला असता. मी नाही केली. मला ऐकू येत होतं. माझ्या कानात बोटं नव्हतीच.

जमीन लागली ती अशी की माझा टॉर्च दातातून उडाला. विमान वर उसळलं, पुन्हा आपटलं, एका बाजूला कललं, डबे एकेक करून खिडकीजवळून गेले आणि मग डबे संपले आणि नुसता खडखडाट, गवत, चिखल, आणि थांबलं.

एकदम शांत. पंखे बंद. आणि त्या शांततेत माझं पोरगं रडलं. शिटी वाजवत रडलं, सूं... सूं... पण रडलं.

दाणा तिथेच होता हो. काही चमत्कार नाही झाला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून काढला आणि मला कागदावर ठेवून दाखवला. अर्धाच दाणा, पाण्याने फुगलेला. त्याच्यासाठी एवढं सगळं.

पण त्या संध्याकाळचं सांगते. पट्टीच्या बाहेर गवतात विमान एका चाकावर बसलं होतं. लोक शिडीने उतरत होते. काकांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. आमच्या लाइनीतल्या, फॅक्टरीच्याच एका इन्स्पेक्टरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तो वाटेतल्या दोघांपैकी एक, होस्टेसने उठवून बसवला पण पट्टा लागला नव्हता. आणखी दोघांचे हात खरचटले, कोणाचे दात हलले. मेलं कोणी नाही.

कॅप्टन माझ्याजवळ आले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी पोराच्या तोंडाकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "कैसा है?"

"रो रहा है जी."

"हाँ, सुन रहा हूँ." मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एक बार दिखा देतीं तो घास में न जाते." एवढंच. रागाने पण नाही. मग गेले.

जबलपूरला परत आली तेव्हा गोष्ट माझ्या आधी पोचली होती. काका सगळ्यांना सांगत होते, "मीच म्हटलं तिला, दे टॉर्च कॅप्टनला. ऐकतच नव्हती." मफलर परत दिला तर म्हणाले, धुऊन द्यायचा. सासूबाईंनी पोराला घेतलं, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बरं केलंस." हे दोन दिवस फॅक्टरीतून उशिरा आले. मग जेवताना म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब माझ्याच सेक्शनचे आहेत." मी पोळी वाढली.

आणि मग एका दुपारी त्या इन्स्पेक्टरची बायको आली. पाण्याच्या नळावर आमची नेहमीची ओळख, मी तिला ताई म्हणते. भांडायला नाही आली. पोरासाठी स्वेटर घेऊन आली होती, तिच्या लहान्याचं. पोराला घातलं, गुंड्या लावल्या. मग तिथेच उंबऱ्यावर बसली.

"हाड जुळेल म्हणतात," ती म्हणाली.

"हो ना ताई."

"मी रागावून नाही आली बरं."

"हो ताई."

"फक्त एक विचारायचं होतं. रात्री झोप नाही येऊन राहिली म्हणून." ती पोराच्या स्वेटरची बाही सरळ करत होती. "माझे दोन आहेत. त्यांचा बाप मागे बसला होता ना तुझ्या. तुला माहीत होतं ना, तो मागे बसलाय?"

"माहीत होतं."

"मग तू काहून नाही धरला गं एकदा वर?"

मी डोकं खाली घातलं, ती पदर सावरून निघून गेली. नळावर अजून बोलते माझ्याशी. चांगलं बोलते. मलाच तिच्या बाजूला घागर लावायची हिंमत होत नाही.

लोक म्हणतात, मी बावरली. बावरली नव्हती. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, मागे कोण बसलंय ते कळत होतं, कॅप्टन तीन वेळा ओरडले ते कळत होतं. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन, आणि पुन्हा ताईच्या बाजूला घागर नाही लावणार. पण मला कोणीतरी सांगा, शिकलेल्यांनी सांगा. मागे एवढी माणसं, त्यांचीही लेकरं घरी, आणि मांडीवर तुमचं एक, त्याचे ओठ जांभळे, आणि टॉर्च एकच. तुम्ही असता तर उजेड कुठे धरला असता?